पीळ

तिचं नाव पहिल्यांदा वाचलं ते बारकोडखाली: हिस्सा.
आमच्या हर्णैत हिस्सा म्हणजे वाटणी,
सात-बारावर भावाभावांत पडलेली रेघ.
इथं मुहर्रकमध्ये, रिसेप्शनवरची नदा म्हणाली,
हिस्सा म्हणजे मोती.

चार नळ्या होत्या, एक ते चार आकडे घातलेल्या.
मणक्यातलं पाणी.
रक्त हवेच्या पाइपातून खाली येतं, धाडकन.
हे मात्र हातानंच आणायचं असा नियम,
सांडलं तर पुन्हा द्या म्हणायला तोंड कुणाला आहे?
पदम थापा पाच मजले उतरून आला, लिफ्टची वाट न बघता,
नुकतं उकडलेलं अंडं धरावं तशी मूठ.
उजेडात धरून बघितलं. नितळ. काहीच नाही त्यात.

रात्री जेलवर चालवलं.
शेजारी शेजारी दोन वाटा, एकीवर रक्त, एकीवर ते पाणी.
रक्ताच्या वाटेवर नुसता धुरकट पट्टा.
पाण्याच्या वाटेवर सात रेघा,
आतल्या खोलीत दार लावून कुणी भांडत असावं
आणि ओटीवर बसलेल्यांना पत्ता नसावा, तशा.

मग औषध सुरू झालं म्हणे. कुठलं, ते मला कोण सांगणार?
माझ्याकडे फक्त रक्त येतं, दर तीन महिन्यांनी.
मज्जातंतू झिजला की त्याची तुसं रक्तात उतरतात
आणि आमचं यंत्र ती एकेक करून मोजतं.
एकतीस.
एकोणीस. बारा.
नऊ पिकोग्रॅम, एका मिलिलिटरमागे.
नऊ म्हणजे किती, पदमनं विचारलं.
मिठाचा एक कण,
आपल्या बिल्डिंगखाली गोड्या पाण्याचा टँकर उभा असतो ना, त्यात टाकलेला.
तो बराच वेळ हसला. मग म्हणाला,
तेवढ्यानं माणसाचा पाय जातो?
त्यानं पाय जात नाही रे. पाय जायला लागला की ते येतं.

बावा होडीच्या दोराला लगेच हात लावत नसत.
आधी पाणी बघत.
खुंटाभोवती काथ्याची तुसं तरंगताना दिसली
की म्हणत, दोर खातोय.
नऊ आला त्या दिवशी वाटलं, फोन करून सांगावं,
बावा, पाणी साफ आहे.

पण त्या रेघा.
दोन वर्षांनी पुन्हा मणक्यातलं पाणी आलं,
पुन्हा पदम, पुन्हा पायऱ्या,
जेलवर त्याच सात, त्याच जागी.
सुंभ जळला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

ऑगस्टमध्ये अर्जंट नमुना, तिचाच.
फॉर्मवर डॉक्टरांचं घाईचं अक्षर:
डावा पाय जड, नजर धूसर, नवा झटका?
बाहेर शेहेचाळीस. गाडीचं हँडल रुमालानं धरायचे दिवस.
यंत्र चालू होतं तोवर चहा केला नाही,
असरची नमाजही उशिरा पढलो.
नऊ.
पुन्हा लावलं. साडेआठ.
म्हणजे नवं काही तुटलेलं नाही,
जुन्याच वणांवरून ऊन चालत गेलंय.
कुणीतरी तिला गार खोलीत बसवा,
मानेवर ओला पंचा ठेवा,
पण हे सांगायचं काम माझं नाही.
शेऱ्याच्या चौकटीत एक ओळ मावते. लिहिलं:
मागील नमुन्याच्या तुलनेत लक्षणीय बदल नाही.
इतक्या मायेनं मी बायकोलाही कधी लिहिलेलं नाही.

नोव्हेंबरात तिचं रक्त आलं नाही.
लोक हॉस्पिटल बदलतात, विमा बदलतो,
कुणी लेकीकडे दम्मामला जातं. असंच काहीतरी असणार.
तरी मंगळवारी थंड पेटी उघडली
की नावं आधी वाचतो, आकडे नंतर.

काल पदम परत पायऱ्यांवरून.
चार नळ्या, वेगळं नाव, वय बावीस.
अजून कोमट होत्या,
त्याच्या मुठीनं की त्या पोरीच्या पाठीनं,
कळेना.